पेरिस्टाल्टिक पंपाचे धक्के आणि बेंझोइक ॲसिडची नळी : फरक का पडत नाहीये?

गळका व्हॉल्व्ह (मंगळ, रात्री १०:४०)

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

लेक बी.ई. केमिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट असा की नळीतून पाणी एकसारखं सोडलं आणि तेवढंच पाणी धक्क्याधक्क्यानं सोडलं तर नळीच्या भिंतीवरचा माल विरघळून किती जास्त निघतो ते बघायचं. त्यासाठी नळीच बेंझोइक ॲसिडची ओतलीय. १२२ अंशाला वितळतं ते, साच्यात मधे स्टीलचा रॉड धरून ओतायचं आणि गार झालं की रॉड ओढून काढायचा. पहिल्या वेळी आमच्या स्वैपाकघरातच केलं आणि त्या वाफेनं अख्खं घर तासभर खोकत होतं, शेजारच्या काकू विचारायला आल्या मिरच्या भाजताय का म्हणून. तर भोक १२ मिमी, लांबी ३० सेमी.

पाणी दोन प्रकारे सोडतो. एक वरच्या टाकीतून, ओव्हरफ्लो ठेवून, म्हणजे प्रवाह एकदम स्थिर. दुसरं पेरिस्टाल्टिक पंपानं (फिरते रोलर रबरी नळी दाबत पाणी पुढे ढकलतात तो), ३ रोलर, ४० आरपीएम, म्हणजे सेकंदाला २ धक्के. दोन्हीकडे मिनिटाला ५०० मिली, मोजपात्र आणि स्टॉपवॉच घेऊन जुळवलंय. बाहेर पडणारं १०० मिली पाणी घेऊन ०.०१ नॉर्मल कॉस्टिकनी टायट्रेट, म्हणजे त्यातलं ॲसिड मारायला किती कॉस्टिक लागलं ते मोजायचं. टाकीवर रीडिंग १.७ मिली. पंपावर... १.७ मिली. कधी १.६५ कधी १.७५, पण दोन्हीकडे तेच.

गाईड म्हणतात पल्सेशन (धक्के) म्हणजे टर्ब्युलन्स (पाणी खवळणं), वाढायलाच पाहिजे, तुमच्या रीडिंगमध्ये घोळ आहे, परत करा. पोरगी तीनदा करून बसलीय. मी पडलो मेकॅनिकल, तीस वर्षं पंप उघडायचे आणि बंद करायचे एवढंच केलं, मास ट्रान्सफर (माल एका जागेहून दुसरीकडे पसरत जाणं) म्हणजे आमच्यासाठी एका ड्रममधून दुसऱ्या ड्रममध्ये. कुणी सांगेल का?

चहाबिस्किट (मंगळ, रात्री १०:५२)

रुमाल टाकून ठेवतो. शेजारच्या काकूंसाठी +१.

समिधा प (मंगळ, रात्री ११:१५)

आधी घोळ शोधू, थिअरी नंतर.

१.७ मिली रीडिंगमध्ये ब्युरेटचा एक थेंब ०.०५ मिली, म्हणजे सरळ ३ टक्के गेले. त्याच्याहून बारीक फरक तुम्हाला दिसणारच नाही. नमुना ५०० मिली घ्या. आणि पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड असतो, तोही कॉस्टिक खातो, म्हणून कोऱ्या पाण्याचं ब्लँक काढून वजा करा. एवढ्या पातळ द्रावणात हे सोडून चालत नाही.

शिवाय दोन प्रश्न. नळी उभी की आडवी? आडवी असेल तर ॲसिड विरघळलेलं पाणी किंचित जड होऊन खाली बसतं आणि स्वतःचंच अभिसरण सुरू करतं, मग तुम्ही मोजताय काय कुणास ठाऊक. आणि ॲसिडच्या नळीआधी साधी सरळ नळी किती ठेवलीय?

गळका व्हॉल्व्ह (बुध, सकाळी ७:०५)

उभी आहे. आधी ७० सेमी ॲक्रिलिक पाइप, त्याच बोअरचा. ब्लँक काढलं नव्हतं, लेकीनं जीभ चावली. धन्यवाद ताई.

समिधा प (बुध, सकाळी ९:३०)

७० सेमी ठीक आहे. तुमचा रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की खवळलेला ते सांगणारा आकडा) हजाराच्या आसपास येतो, प्रवाह पूर्ण विकसित व्हायला साधारण ६० सेमी लागतात. आणि हजार म्हणजे लॅमिनार, थरावर थर शांत सरकणारा, स्वच्छ लॅमिनार. त्यामुळे 'पल्सेशन म्हणजे टर्ब्युलन्स' हे इथे तरी लागू नाही. धक्का बसला म्हणून पाणी खवळतंच असं नाही हो, नुसतं पुढंमागं सरकतं.

पावणेदोन (बुध, दुपारी १:२०)

समिधाताईंशी सहमत. पण मी म्हणेन धक्क्यानं माल *कमी* निघायला पाहिजे. दगड मारण्याआधी ऐका.

लॅमिनार प्रवाहात भिंतीवरून माल निघण्याचा वेग हा प्रवाहाच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो, हे लेव्हेक नावाच्या फ्रेंच माणसाचं जुनं गणित. प्रवाह आठपट केला तर माल फक्त दुप्पट. आता समजा अर्धा वेळ प्रवाह दुप्पट ठेवला आणि अर्धा वेळ बंद. सरासरी प्रवाह तोच. पण २ चं घनमूळ १.२६, ० चं ०, सरासरी आली ०.६३! म्हणजे वर जाताना मिळतं थोडं आणि खाली येताना जातं जास्त. (बंद असताना माल अगदी शून्य निघत नाही, त्यामुळे ०.६३ ही टोकाची बाजू झाली.) साइन वेव्हसारखा धक्का असेल आणि प्रवाह तळाला जेमतेम शून्याला टेकत असेल तर सरासरी ०.९० येते, म्हणजे १० टक्के तोटा. अर्ध्या उंचीचा धक्का असेल तर तोटा दीड टक्का. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे, लेकीला करायला सांगा. टर्ब्युलंटला घनमुळाऐवजी ०.८ घात घ्या, तरी तोटाच, फक्त कमी, ५ टक्क्यांच्या आसपास.

तोट्याचा फायदा होतो तो प्रवाह *उलटा* फिरायला लागला की. कारण भिंतीला पाणी कुठल्या दिशेनं घासतंय याच्याशी देणंघेणं नाही, घासतंय एवढं पुरे.

ढवळ्या (बुध, दुपारी २:०४)

काहीही. चहात साखर टाकून चमचा पुढंमागं केला की विरघळते का नाही? ते पल्सेशनच.

पावणेदोन (बुध, दुपारी २:१५)

चमच्याला कडा असते, कडेमागे भोवरे होतात. तुमचा कप मांडीवर घेऊन एसटीत बसा, चमच्याशिवाय, आणि मग सांगा तळाची साखर किती विरघळली ते.

चहाबिस्किट (बुध, दुपारी २:१८)

एसटीत चहा मांडीवर घेतला तर साखरेचा प्रश्न उरत नाही, पँटचा उरतो.

गळका व्हॉल्व्ह (बुध, रात्री ९:५०)

पावणेदोन साहेब, पण आमचं कमी पण आलेलं नाही! ब्लँक वजा करून, ५०० मिली घेऊन आज परत केलं. टाकी ८.५, पंप ८.४ ते ८.६. ना गाईडचं खरं, ना तुमचं. मुलगी म्हणते बाबा तुमचे इंटरनेटवाले मित्र पण तसलेच.

पावणेदोन (गुरु, सकाळी ६:४०)

हाहा, बरोबर बोलली. रात्रभर डोक्यात होतं, चूक सापडली, माझीच. घनमुळाचं गणित बरोबर आहे पण ते तेव्हाच चालतं जेव्हा भिंतीजवळचा थर प्रत्येक धक्क्यागणिक स्वतःला बदलून घेतो. तुमचा थर तेवढा चपळ नाहीये.

सगळी गोम त्या थरात आहे. भिंतीला चिकटून ॲसिडनं भरलेल्या पाण्याची एक पातळ साय असते, दुधावर असते तशी समजा, आणि माल त्या सायीतून रेणूरेणूनं सरकत बाहेर येतो. तुमच्या आकड्यांवरून सायीची जाडी ०.२ मिमीच्या थोडी वर, जुन्या पोस्टकार्डाएवढी. पाण्यात बेंझोइक ॲसिड पसरण्याचा गुणांक आहे सेकंदाला साधारण ०.००१ चौरस मिमी. जाडीचा वर्ग ०.०४, भागिले ०.००१, आले ४० सेकंद. म्हणजे प्रवाह बदललाय हे कळून साय जाडपातळ व्हायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं, आणि तुमचा पंप सेकंदाला दोन धक्के मारतोय. ती जाड व्हायचं मनात आणेपर्यंत पातळ होण्याचा हुकूम येतो, ती पातळ व्हायला निघेपर्यंत परत उलटा हुकूम, त्यामुळे ती बिचारी काहीच करत नाही, सरासरी प्रवाहाला जेवढी हवी तेवढी होऊन बसून राहते. म्हणून टाकी आणि पंप सारखे. तुमचं रीडिंग बरोबर आहे.

आता मजा बघा. तुमच्या नळीत भिंतीजवळ पाणी बहुतेक खरंच उलटं फिरत असणार. धक्के जलद असले की मधलं पाणी जडत्वामुळे एकगठ्ठा हलतं आणि काठचं पाणी, ज्याला वेग कमी म्हणून जडत्वही कमी, ते दाबाचं आधी ऐकतं. मधला प्रवाह अजून पुढे जात असतो आणि काठचा मागे वळलेला असतो. रिचर्डसन आणि टायलर यांनी १९२९ साली मोजून दाखवलं होतं की हलत्या प्रवाहात सगळ्यात जास्त वेग मध्यावर नाही, भिंतीलगत असतो. हे किती होईल ते सांगणारा आकडा म्हणजे वोमर्सली नंबर : त्रिज्या गुणिले, धक्क्यांची कोनीय वारंवारिता भागिले किनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (चिकटपणा भागिले घनता) याचं वर्गमूळ. १ च्या खाली असेल तर पाणी आज्ञाधारक, १० च्या वर असेल तर काठ आणि मध्य वेगवेगळे वागतात. तुमचा २२ च्या आसपास येतो. माणसाच्या महाधमनीत विश्रांतीला साधारण १५-२० असतो म्हणजे तुमची नळी त्याच घरातली.

मग उलटा फिरूनही फायदा का नाही? कारण सायीच्या उंचीवरचं पाणी एका धक्क्यात पुढंमागं किती डुलतं? हिशोब केला तर २-३ मिमी. आणि नळी ३० सेमी. ॲसिडनं भरलेलं पाणी २ मिमी मागे गेलं तर तिथंही ॲसिडनं भरलेलंच पाणी आहे. ताजं पाणी भिंतीला मिळालं कुठे?

समिधा प (गुरु, सकाळी १०:१०)

हे झकास. आणि याच्यावरूनच कळतं की पेपरांमध्ये एवढी भांडणं का दिसतात. कुणी म्हणतं वाढतं, कुणी म्हणतं कमी होतं, कुणी म्हणतं जैसे थे. फेरीसायनाइडच्या द्रावणात निकेलचा इलेक्ट्रोड भिंतीत बसवून करंट मोजतात ना, म्हणजे भिंतीपर्यंत माल किती पोचतो ते कळतं, त्यात इलेक्ट्रोड कधीकधी एखाद-दोन मिमीचाच असतो. त्याला २ मिमीचं डुलणं म्हणजे अख्खा संसार हलला, दर धक्क्याला ताजं पाणी, शिवाय आखूड असल्यामुळे त्याची साय पातळ आणि चपळ. तुमच्या फूटभर नळीला त्याचं काय. दोघं खरं बोलतायत, नळीची लांबी वेगळी आहे एवढंच.

ढवळ्या (गुरु, सकाळी ११:००)

मान्य. एसटीचं उदाहरण मागे घ्यायची गरज नाही.

दोन घोट (गुरु, दुपारी ३:३०)

विषयाशी माझा थेट संबंध नाही पण विचारतो. वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, मी शेजारी बसून तो रोलर पंप गरगर फिरताना बघत असतो, रक्त ठोक्याठोक्यानं पुढे जाताना दिसतं. त्या ठोक्यांनी सफाई जास्त होते का कमी?

पावणेदोन (गुरु, दुपारी ४:१२)

आधी वडिलांना नमस्कार सांगा. ठोक्यांनी फारसं बिघडत नाही आणि सुधारतही नाही. डायलायझरच्या आत हजारो बारीक पोकळ तंतू असतात, आतला व्यास साधारण ०.२ मिमी. एवढ्या बारीक नळीत वोमर्सली नंबर ०.१ च्या आसपास येतो, तिथे रक्त एकदम आज्ञाधारक, उलटंसुलटं काही नाही, आणि मधल्या नळ्या, बबल ट्रॅप वगैरेंनी ठोका मवाळही होतो. सफाई ठरते ती रक्ताचा वेग, बाहेरून उलट्या दिशेनं वाहणाऱ्या द्रवाचा वेग, पडद्याचं क्षेत्रफळ आणि किती तास बसलात यावर. बाकी डॉक्टरांना विचारा, मी पाइपवाला माणूस.

अवांतर : हे वोमर्सली मूळचे रक्तवाहिन्यांवाले नव्हेत. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत गणित विभागाचे प्रमुख होते, १९४५ मध्ये ॲलन ट्युरिंगला नोकरीवर घेतलं ते यांनीच. नंतर लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलात मॅकडोनल्ड नावाच्या शरीरशास्त्रज्ञाला धमन्यांचं गणित करून दिलं, १९५५ चा तो पेपर. आज त्यांचं नाव नळीमुळे राहिलंय, कॉम्प्युटरमुळे नाही.

नवजात (गुरु, रात्री ११:४५)

नाइट ड्यूटीवरून लिहितेय, मधे गायब झाले तर समजून घ्या.

तुम्ही सगळे भिंतीवरून माल काढताय. आमच्याकडे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) उलटा प्रश्न असतो, माल नळीच्या *लांबीनं* न्यायचा. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसाला मोठे श्वास सोसत नाहीत म्हणून हाय फ्रीक्वेन्सी ऑसिलेटर, म्हणजे बारीक आणि जलद ठोके देणारं श्वासाचं मशीन, लावतो. सेकंदाला १० ठोके धरा, आणि एका ठोक्यात किलोमागे जेमतेम २ मिली हवा. आता बाळाच्या नुसत्या श्वासनलिकांतच, जिथे ऑक्सिजनची देवाणघेवाण होत नाही, तिथेच साधारण तेवढी हवा मावते. म्हणजे शाळेतल्या हिशोबानं ताजी हवा आत पोचायलाच नको! तरी पोचते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सीनियरना विचारलं होतं की हे बाळ श्वास घेतंय कसं, नुसतं थरथरतंय.

कारण नळीत हवा सपाट भिंतीसारखी पुढे सरकत नाही. मधली जीभ पुढे घुसते, काठची मागे राहते, आणि परत येण्याआधी जिभेतला ऑक्सिजन आडवा काठाकडे पसरतो, मग परतताना तो सगळा परत येत नाही. येलच्या यँडेल हेंडरसन यांनी १९१५ मध्ये नळीत धूर फुंकून ही सुईसारखी जीभ दाखवली होती, धापा टाकणारी कुत्री एवढ्या उथळ श्वासावर जगतात कशी हा त्यांचा प्रश्न होता. स्थिर प्रवाहातलं गणित जी. आय. टेलर यांचं, १९५३ चं. पुढंमागं होणाऱ्या प्रवाहाचं वॉटसन यांनी १९८३ ला मांडलं. याशिवाय शेजारच्या फुप्फुसपिशव्या एकमेकींना हवा देतात वगैरे बऱ्याच गोष्टी आहेत.

नव्या रेसिडेंटना हमखास फसवणारी गोष्ट : कार्बन डायऑक्साइड वाढला की ते ठोके वाढवायला धावतात. उलटं आहे. धुऊन निघणारा कार्बन डायऑक्साइड साधारण ठोक्यांची संख्या गुणिले आकारमानाचा *वर्ग* असा जातो, आणि मशीनवर ठोके वाढवले की प्रत्येक ठोक्याचं आकारमान घटतं. म्हणून ठोके कमी करायचे.

आणि हे सगळीकडे चालतं असंही नाही. मोठ्या माणसांच्या एआरडीएसमध्ये (फुप्फुसं अचानक निकामी होतात तो आजार) २०१३ साली दोन मोठ्या चाचण्या आल्या, एकीत काही फायदा नाही, दुसरीत ऑसिलेटरवर मृत्यू जास्त, ४७ टक्के विरुद्ध ३५, ती मधेच थांबवावी लागली. बेल वाजली, पळते.

समिधा प (शुक्र, सकाळी ९:००)

दंडवत डॉक्टर. आणि हवेत हे जमतं याचंही कारण पावणेदोन यांच्या सायीशी जुळतं, हवेत रेणू पाण्यापेक्षा दहा हजार पटीनं झपाट्यानं पसरतात, त्यामुळे दहाव्या हिश्श्याच्या सेकंदातही आडवा प्रवास होऊन जातो.

अणुशक्तीनगरचा म्हातारा (शुक्र, संध्याकाळी ६:२०)

उशिरा आलो, गुडघे आणि इंटरनेट दोन्ही संथ.

पोरांनो, धक्क्याचा खरा पैसा वसूल होतो तो नळीत अडथळे घातल्यावर. आमच्या धंद्यात, म्हणजे जळलेल्या अणुइंधनातून युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढण्यात, पल्स कॉलम असायचे. उभा लांब नळा, आत भोकाभोकांच्या चकत्या, वरून ते इंधन विरघळवलेलं ॲसिड, खालून केरोसिनसारख्या तेलात ३० टक्के टीबीपी (ट्रायब्युटाइल फॉस्फेट). खालून धक्के द्यायचे की अख्खा स्तंभ वरखाली उसळतो आणि प्रत्येक चकतीच्या भोकातून तेल पिचकून त्याचे बारीक थेंब होतात. थेंब बारीक म्हणजे पृष्ठभाग वाढला, युरेनियम-प्लुटोनियम तेलात जायला जागा मिळाली. इथे साय पातळ होण्यापेक्षा सायीचं क्षेत्रफळ वाढतंय, हा फरक लक्षात घ्या. ही कल्पना व्हॅन डाइक यांची, पेटंट १९३५ चं, तेव्हा अणुभट्टी कुणी बांधलीही नव्हती. तुर्भ्याचा (ट्रॉम्बेचा) प्लुटोनियम प्लांट १९६४ ला सुरू झाला, होमी सेठना यांच्या देखरेखीखाली.

आम्हाला ते आवडायचं याचं कारण मास ट्रान्सफर नव्हतंच खरं तर. आत हलणारा एकही भाग नाही, हे कारण! धक्का हवेनं द्यायचा, लांबून. ढवळणी असती तर तिचं बेअरिंग कधीतरी गेलं असतं आणि त्या किरणोत्सारी जागी पान्हा घेऊन कोण जाणार होतं, गळका व्हॉल्व्ह?

गळका व्हॉल्व्ह (शुक्र, रात्री ८:००)

काका मी नाही जाणार. नाव बदलतो हवं तर.

पावणेदोन (शुक्र, रात्री ९:१५)

काकांच्या चकत्यांचं एकाच द्रवातलं भावंडही आहे. केंब्रिजला माल्कम मॅकली यांच्या गटानं बरंच काम केलं, नळीत दीड व्यासाच्या अंतरावर रिंगा, मधे भोक नळीच्या पाव क्षेत्रफळाचं, आणि पाणी *पुढंमागं*. दर वेळी रिंगेच्या कडेवरून भोवरा सुटतो, प्रवाह उलटला की तोच भोवरा मध्यात फेकला जातो. ढवळ्या, हा तुमचा चमचा. सरासरी प्रवाह मुंगीच्या पावलानं असला तरी भिंत घासली जाते.

तर प्रोजेक्टसाठी सुचवणी. एक, तुमच्या १२ मिमी नळीत १८ मिमीवर रिंगा, भोक ६ मिमी. दोन, आणि हे आधी करा कारण फुकट आहे : टाकीच्या लाइनला टायमरवाला सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह) लावा, एक मिनिट मिनिटाला १००० मिली, एक मिनिट बंद. सरासरी तेच ५००. एवढ्या संथ धक्क्याला साय वळते. माझं घनमूळ इथं तरी खरं निघायला पाहिजे, नाहीतर मीही नाव बदलतो. नमुना मात्र पूर्ण आवर्तनांचा घ्या, अर्धवट नको.

गळका व्हॉल्व्ह (तीन आठवड्यांनी, रवि, सकाळी ११:३०)

धागा वर काढतोय.

सोलेनॉइड माझ्या भंगाराच्या खोक्यात होता, टायमर जिन्याच्या लाइटचा काढला (बायकोला अजून माहीत नाही). चार-चार आवर्तनांचं पाणी एका बादलीत गोळा करून, हलवून, त्यातून ५०० मिली. ब्लँक वजा जाता रीडिंग ७.८, ७.८, ७.७. टाकीवर त्याच दिवशी ८.५. म्हणजे ८-९ टक्के कमी! लेक नाचली. गाईडना साय, ४० सेकंद, २ मिमी हे सगळं कागदावर मांडून दिलं, त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले मग टायटलमध्ये 'एनहान्समेंट'च्या जागी 'इफेक्ट' लिहा. एवढंच.

आता रिंगांचं अडलंय. ॲसिड ओततानाच रिंगा आत ठेवल्या तर मधला रॉड निघत नाही, नंतर सरकवल्या तर भिंत खरवडली जाते आणि ॲसिड ठिसूळ, दोन नळ्या तडकल्या. मी म्हणतोय १८ मिमीचे तुकडे वेगवेगळे ओतायचे आणि मधे ॲक्रिलिकची चकती घालून थप्पी करून दोन्ही टोकांना टाय रॉडनी आवळायचं. सांध्यातून गळेल का? आणि दोन तुकड्यांच्या मधली चकती ॲसिडची नसल्यामुळे साय तिथे तुटेल, ते चालेल का हिशोबात?

समिधा प (रवि, दुपारी १२:४०)

साय तुटेल, आणि प्रत्येक तुकड्याला नवी सुरुवात मिळून पातळ होईल, म्हणजे भोवऱ्याचं श्रेय आणि तुटीचं श्रेय एकत्र मोजलं जाईल. म्हणून रिंगांची तीच थप्पी आधी टाकीच्या स्थिर प्रवाहावर पण मोजा. आणि रिंगा असल्या तर हजार रेनॉल्ड्सचा स्थिर प्रवाहसुद्धा खवळलेला असेल, तेव्हा प्रवाह कमी करा, मिनिटाला ५० मिली. धक्क्यासाठी पंप नको, मोठी सिरिंज आणि वायपरची मोटर.

अणुशक्तीनगरचा म्हातारा (रवि, दुपारी १:०५)

गळेल. पातळ सिलिकॉन गॅस्केट घाला, आणि टाय रॉड हातानंच आवळा, पान्हा लावू नका, बेंझोइक आहे ते, बीड नव्हे.

गळका व्हॉल्व्ह (रवि, दुपारी १:१०)

वायपरची मोटर मारुती ८०० ची पडलीय. जिन्याच्या लाइटचं मात्र आज संध्याकाळी कळणार.